बर्फात ठेवलेली गाठ

इतकी वर्षं वसईत लॅब चालवली, पण मी नेमकं काय करते हे माझ्या सख्ख्या मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती चारचौघांत सांगायची, "आमची सुलू लघवी तपासते." मी म्हणायचे, अगं मावशी, तेवढंच नाही गं! तर पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "असू दे गं, लाजायचं काय त्यात?"

मावशीचं सोडा. लॅबच्या पायरीवर उभे राहून "बाई, रिपोर्ट जरा चांगला येईल असा बघा" म्हणणारे शिकलेसवरलेले लोकही मी पाहिलेत. जणू मी भाजी निवडून देतेय! म्हणून आधी काम सांगते. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. फॉर्मॅलिन नावाच्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या द्रावणात तो बुडवलेला असतो, त्यामुळे सडत नाही. मग तो मेणात बसवायचा, त्या मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे, जांभळा-गुलाबी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे. हो, आम्ही वाचणंच म्हणतो. पेढे सर्जनला मिळतात, आम्हाला पेशंट रस्त्यात ओळखतही नाही. पण कापायचं की नाही, किरण द्यायचे की गोळी, हे आमच्या दोन ओळींवर ठरतं. याला कोणी अहंकार म्हणत असेल तर खुशाल म्हणा.

मला नाद लागला तो कवटीच्या तळाचा. मेंदू ज्या हाडांच्या लादीवर बसलेला असतो तो हा तळ. लादीच्या वर मेंदू, खाली नाकाचं छप्पर. मध्ये वाटाण्याएवढ्या खड्ड्यात पिट्युटरी ग्रंथी बसलेली, आणि डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी डोक्यावरून गेलेल्या. एवढ्याशा जागेत इतकी दाटी, की तिथली गाठ मेंदूची, हाडाची, नाकाची की ग्रंथीची, हे फोटोवरून भल्याभल्यांना कळत नाही. तुकडा बहुतेक वेळा नाकातून काढतात, आणि फॉर्मवर लिहून पाठवतात, "नाकातील मांस." पुढे एक प्रश्नचिन्ह. बस्स! वय नाही, त्रास काय ते नाही. आमच्याकडे ती पद्धतच पडून गेलीय.

म्हणून मी फोन करायचे, थेट पेशंटला. आगाशीचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या फॉर्मवर असंच नाकातलं मांस. फोनवर म्हणाले, "बाई, मला एकाच्या जागी दोन माणसं दिसतात. मी कोणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून." मी पुन्हा काच लावली, आणि साबणाच्या फेसासारख्या फुगीर पेशी सापडल्या. आईच्या पोटात आपला कणा ज्या दोरीभोवती तयार होतो तिचा एखादा धागा कवटीच्या तळाशी उरतो, आणि कधीतरी म्हातारपणी वाढायला लागतो. तशी दुर्मीळ गाठ होती ती. मुंबईहून एका मोठ्या डॉक्टरांचा फोन आला, "हे वाचलं कोणी?" मी म्हटलं, मी. "म्हणजे तुम्ही मुंबईत कोणाला दाखवलं होतं का?" अहो, नाही! वसईत केळी पिकतात हे मुंबईला चालतं, निदान झालेलं मात्र पचत नाही.

हे एवढं सांगितलं ते बढाई मारायला, हे कबूल करते. कारण आता जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात मी स्वतः तोंडघशी पडलेय.

अर्नाळ्याचा जनार्दन. चाळिशीचा, स्वतःची होडी, समुद्रावर वाढलेला गडी. नाक बंद, डोकं दुखतं, म्हणून विरारच्या एका सर्जननी नाकातून दुर्बीण घालून चार-पाच तुकडे काढले. फॉर्मवर नेहमीचंच, "नाकातील मांस" आणि प्रश्नचिन्ह. त्याची बायको भारती मासळी विकते. सोमवारी सकाळी तीच बाटली घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवली आणि बाजार गाठायचा म्हणून पळाली.

ग्रेसीने काप काढले. ग्रेसी माझी तंत्रज्ञ, नंदाखाल गावची, माझ्याबरोबर लॅबमध्येच केस पांढरे केलेली. तिच्या हातचा काप कधी सुरकुतत नाही. मी काच लावली. काळ्याकुट्ट, चेंगरलेल्या, एकमेकींवर कोसळलेल्या पेशी, मध्ये भोकं भोकं. बघताक्षणी वाटलं, अरे देवा, हा तर जहाल कॅन्सर. खात्रीसाठी खास रंगांच्या तपासण्या केल्या, त्याही जुळल्या. त्या आठवड्यात मी कोणालाही फोन केला नाही. का, ते विचारू नका. गर्दी होती, आणि काच इतकी उघड वाटली की विचारायचं काय राहिलंय असं वाटलं. रिपोर्ट लिहिला, नाकाच्या छपरातला, कवटीच्या तळापर्यंत गेलेला जहाल कॅन्सर. खाली सही ठोकली.

तो रिपोर्ट आणि एक काच घेऊन नवराबायको मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेले. तिथे एमआरआय झाला, माझी काच त्यांच्या पॅथॉलॉजिस्टने पाहिली आणि माझ्या निदानाला मान डोलावली. डॉक्टरांची बैठक बसली. ठरलं, येत्या सोमवारपासून किरण, सोबत केमो. डोकं जागचं हलू नये म्हणून जनार्दनच्या चेहऱ्याचा जाळीदार मुखवटासुद्धा करून झाला.

त्या आधीच्या गुरुवारी भारती लॅबमध्ये आली. इस्पितळाने मेणाची वडी मागवली होती. आमच्याकडे हे असंच चालतं. माणसाचं नशीब ठरवणारी वडी घरचेच पिशवीत घालून इकडून तिकडे नेतात. ग्रेसी वडी गुंडाळत होती आणि बाजूला दुसऱ्या एका बाटलीत फॉर्मॅलिन ओतत होती. वास सुटला तशी भारतीने पदर नाकाला लावला.

"कसली घान ही! घरात पोरं खोकून खोकून बेजार झाली, म्हनून मी काढून ठेवलं होतं हे पानी."

ग्रेसीचा हात थांबला. "काढून ठेवलं होतं म्हणजे?"

भारतीला वाटलं तिचं काम नीट झालं नव्हतं असं आम्ही म्हणतोय. ती घाईघाईने सांगू लागली. तुकडे काढले तो शनिवार होता, ती विरारहून आली तेव्हा लॅब बंद झालेली. बाटली घरी नेली. झाकण सैल, घरभर वास. मग तिने ते पाणी दुसऱ्या बाटलीत काढून मोरीत ठेवलं. "आनि गाठ खराब होईल ना बाई, म्हनून पिशवीत बांधून पापलेटाच्या पेटीत ठेवली. बर्फात. वरून मीठ टाकलं चांगलं मूठभर, तसा बर्फ टिकतो. सोमवारी सकाळी गाठ परत बाटलीत टाकली नि पानी भरून तुमच्याकडं आनली. एक थेंब कमी नाय केला."



तिचं काय चुकलं? तिच्या धंद्यात ताजी वस्तू बर्फात ठेवतात, आणि ती वस्तू तिच्या नवऱ्याची होती म्हणून मीठही हात न आखडता टाकलं. पण मिठाच्या बर्फात तुकडा गोठतो. गोठताना आतल्या पाण्याचे खडे होतात, ते पेशींना भोसकतात, चेंगरतात, काळवंडून टाकतात. मी जी भोकं कॅन्सरने खाल्लेली समजले ती बर्फाच्या खड्यांची होती. जो काळेपणा जहाल समजले, तोही बर्फाचाच. गोठलेला तुकडा कसा दिसतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. मीही शिकवलंय, छडी आपटून शिकवलंय.

"ग्रेसी, सगळ्या काचा काढ."

पाच मिनिटांत काचा समोर होत्या. एका काचेच्या टोकाला तिळाएवढा तुकडा होता. मी तो पहिल्या दिवशीही पाहिला होता. गोल, नीटस, एकसारख्या शांत पेशी. मी मनात म्हटलं होतं, नाकाची साधी ग्रंथी असेल, आणि काच पुढे सरकवली होती. आता कळलं. भारतीने पाणी काढलं तेव्हा एक कण त्या पाण्याबरोबर मोरीतल्या बाटलीत गेला होता. त्याला बर्फ लागलाच नाही. अख्ख्या नमुन्यात तेवढाच कण खरं बोलत होता, आणि मी त्याला गप्प बसवलं होतं. मुंबईला पाठवलेल्या काचेच्या कापात तर तो कण आलाच नव्हता. मग ते तरी काय वेगळं वाचणार?

ती नाकाची ग्रंथी नव्हती. त्या पेशी पिट्युटरीच्या गाठीसारख्या होत्या. खास रंग तर पिट्युटरीच्या गाठीलाही तसेच चढतात. भारतीच्या पिशवीत एमआरआयचा कागद होता, तो मागून घेतला. शेवटून दुसरी ओळ, "पिट्युटरी वेगळी ओळखता येत नाही." ओळ छापलेली होती, कोणी थांबून वाचली नव्हती.

मग मी दार लावलं आणि पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं ते विचारलं. जनार्दनला बाजूचं दिसतं का?

"नाय दिसत. होडीवर दोनदा डोकं आपटलं. भाऊ बोलतात, पिऊन आला. पीत नाय तो, बाई."

"दाढी रोज करतो?"

भारती चपापली. "महिन्यातून एकदा. येतच नाय आता."

"आणि तुमचं दोघांचं?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "तीन वर्सं झाली. मना वाटलं बाहेर कोन ठेवलीय त्याने. मी त्याला लय वंगाळ बोलले."

त्या क्षणी माझा स्वतःवरचा राग डोळ्यांतून वाहायला लागला, तो मी लपवला नाही. तीन वर्षं नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बाईला एका साध्या प्रश्नाने उत्तर मिळालं असतं, आणि तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

पिट्युटरीच्या काही गाठी प्रोलॅक्टिन नावाचं रसायन भरमसाट सोडतात. बाळंतिणीला दूध येतं ते ह्याच्यामुळे. पुरुषात ते वाढलं की दाढी जाते, इच्छा जाते, गाठ वाढून बाजूची नजर जाते. आणि या गाठीचा इलाज किरण नाही, केमो नाही. गोळी! आठवड्यातून दोनदा घ्यायची एक इवलीशी गोळी. किरण दिले असते तर नसलेल्या कॅन्सरसाठी डोळ्यांच्या नसाही पणाला लागल्या असत्या, आणि केमोने अंग पोखरलं असतं ते वेगळंच.

मी लगेच मुंबईला, जनार्दनचे किरण ठरवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तुमचाच आहे."

"माझाच आहे. म्हणून तर मीच सांगतेय की चुकलाय."

"आमच्याही पॅथॉलॉजिस्टने पाहिलंय."

"त्यांनी मी पाठवलेली काच पाहिली. बर्फाने मारलेली."

"बैठकीत ठरलेलं तुमच्या एका फोनवर कसं बदलायचं? प्रोलॅक्टिन करून पाठवा, बघू."

शुक्रवारी सकाळी जनार्दनचं रक्त घेतलं. आकडा आला. थोडासाच वाढलेला. इतका थोडा, की साध्या उलटी-मळमळीच्या गोळ्या खाणाऱ्यालाही असेल. मी तो खरा आकडा जसाच्या तसा कळवला. डॉक्टर म्हणाले, "झालं समाधान? सोमवारी वेळेवर पाठवा त्याला." वर हेही म्हणाले, "तुमच्याकडे तशा सोयी नसतात, होतं असं." सोयी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण रागाने कधीकधी डोकं चालतं. प्रोलॅक्टिन फार, म्हणजे फारच असलं की यंत्र फसतं. समजा वाढपी पानं मोजतोय. शंभर माणसं असली तर मोजेल. गावजेवणाला हजारो लोक एकदम अंगावर आले तर तो बिचारा पातेलं धरून उभा राहतो आणि विचारलं तर सांगतो, "असतील पाच-पन्नास." त्याला उपाय एकच, रक्त पातळ करून पुन्हा तपासायचं. ग्रेसीने मला आधी चहा दिला, मग शंभरपट पातळ केलेला नमुना लावला. आम्ही दोघी यंत्रासमोर उभ्या. आकडा पडला तो शंभरने गुणला. ग्रेसीने छातीवर क्रूस काढला. पुरुषात जो वीसच्या आत हवा, तो आकडा पाच अंकी होता.

या वेळी मी फोन केला नाही. शनिवारी सकाळी काचा पर्समध्ये, वडी रुमालात, जनार्दन आणि भारती मागच्या सीटवर, आणि मी स्वतः गाडी चालवत मुंबई गाठली. ओपीडीबाहेर शिपाई म्हणाला, "बाई, नंबर लावा." मी म्हटलं, नंबर लावलाय बाबा, तीस वर्षांपूर्वीच. आणि आत गेले.

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. मी काचा टेबलावर मांडल्या. "हा बर्फ. हा कण. हा एमआरआय, शेवटून दुसरी ओळ. हा पातळ केलेला आकडा. तुमच्याच यंत्रावर पुन्हा करा, पण पातळ करून. तोवर मी इथून उठत नाही."

"मॅडम, बाहेर पेशंट..."

"हा पण पेशंटच आहे. ह्याचा मुखवटा करून ठेवलाय तुम्ही."

ते हसले नाहीत. काच उचलली, स्वतः जाऊन पॅथॉलॉजिस्टला दाखवली. दुपारपर्यंत त्यांच्या यंत्रावरही तोच आकडा. मला म्हणायलाच हवं, माणूस सरळ होता. सोमवारची वेळ माझ्यासमोर रद्द केली, हार्मोनच्या डॉक्टरांना बोलावलं, गोळी लिहून दिली. वर बजावलं, गाठ आक्रसताना नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, तडक यायचं.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, सुधारित रिपोर्ट द्याल तेव्हा स्पष्ट लिहा, नमुना नातेवाइकांनी खराब केला. उद्या कोणी विचारलं तर तुम्ही सुटाल."

सल्ला मनापासूनचा होता. माझ्याच क्षेत्रातल्या दोघातिघांनी पुढे हेच सांगितलं. एकाने तर मसुदाही करून दिला, "नातेवाइकांच्या निष्काळजीपणामुळे." तीन दिवस तो कागद माझ्या टेबलावर होता. खोटं नव्हतं ना त्यात काही? बर्फ भारतीनेच घातला होता. आणि त्या एका वाक्यावर अर्नाळ्यात तिचं काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं. जनार्दनचे भाऊ आधीच म्हणत होते, हिनेच काहीतरी केलं असणार.

पण मी ते वाक्य दयेपोटी टाळलं असं कोणी समजू नका. दया करणारी मी कोण? बाटली तिच्या हाती कोणी दिली? सैल झाकणाची, सूचना न देता, शनिवारी दुपारी? फॉर्म कोरा कोणी ठेवला? बर्फाच्या खुणा कोणाला ओळखता यायला हव्या होत्या, पापलेट विकणाऱ्या बाईला की मला? तो तिळाएवढा कण बाजूला कोणी सारला? नाही, या धंद्यात वर बसलेल्याने खाली बोट दाखवायची जी सवय आहे ना, तिच्या मी मरेपर्यंत विरोधात आहे. मसुदा फाडला आणि माझ्या शब्दांत लिहिलं.

साडेतीन महिन्यांनी दोघं आली. जनार्दनच्या गालावर दोन दिवसांची राठ दाढी होती. नव्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान. नाक मोकळं, डोकं शांत, होडी पुन्हा पाण्यात. भारती मात्र आत येईना. दारालाच धरून उभी होती. ग्रेसीने दोनदा बोलावलं, तरी नाही.

जनार्दन म्हणाला, "बाई, तो सुधारलेला कागद द्या. भावांना वाचून दाखवायचाय. ते लय बोलतात हिला." दारातल्या भारतीचा चेहरा उतरला. त्याला बर्फाचं ठाऊक होतं, भावांना नव्हतं. त्या कागदात काय लिहिलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी कागद त्याच्या हातात दिला. मराठीतही एक परिच्छेद मुद्दाम लिहिला होता, वाचता यावा म्हणून. तो उभ्याउभ्याच मोठ्याने वाचू लागला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर सरळ जात होती, बोट लावायची गरज पडली नाही.

"नमुना तपासणीपूर्वी गोठलेला होता. त्याच्या खुणा काचेवर स्पष्ट होत्या. त्या ओळखण्यात आणि पेशंटची माहिती विचारण्यात माझ्याकडून चूक झाली. पहिला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे." खाली माझं पूर्ण नाव होतं, तेही त्याने वाचलं.

मग त्याने कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. "हिचं नाव नाय कुठं?"

"कशाला असेल?" मी म्हटलं.

भारती आत आली. बाकावर बसली, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. जनार्दन तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि मी ग्रेसीला सांगितलं, बाहेरच्या लोकांना म्हणावं जरा थांबा.